सातवा पाईक

मेस्त्री माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. ते कानशिलाकडे बघत. डोळ्याच्या कडेपासून कानापर्यंत जी दोन बोटं जागा असते, जिथे कातडी संपून केस सुरू होतात, तेवढीच त्यांच्या लेखी माणसाची ओळख. मुलुंडला त्यांच्या शेजारची खोली घेतली त्या दिवशी मी रीतसर नमस्कार करून म्हटलं, "मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो." मेस्त्री माझ्या डाव्या बाजूला आले, मान वाकडी करून त्यांनी माझं कानशील न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमचे केस सोपे आसत." आणि घरात निघून गेले.

सोपे केस म्हणजे काय हे मला पुढे सहा महिन्यांनी कळलं. पण अपमान झाला आहे एवढं तेव्हाच कळलं. मी इंटरमीजिएट ड्रॉइंगची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेला माणूस. चित्रातलं आपल्याइतकं चाळीत कोणाला कळत नाही अशी माझी समजूत होती, आणि ती मोडायला परमेश्वराने नेमका भिंतीपलीकडचा माणूस निवडला.

मेस्त्री मालवणकडचे, घराण्याने सुतार. आग्रा रोडवरच्या एका कापड छापायच्या कारखान्यात ते ठसेखात्याचे मुकादम होते. साडीवर वेल छापायची तर आधी ती लाकडात कोरावी लागते. त्या लाकडाला ठसा म्हणायचं. मेस्त्रींच्या हाताखाली अकरा माणसं दिवसभर ठसे कोरत बसत. त्या खात्याचा मेस्त्रींना एवढा अभिमान, की भर बाजारात एखाद्या परक्या बाईच्या पदराकडे बोट दाखवून ते मोठ्याने म्हणत, "ती कोयरी माझी!" एकदा त्या बाईचा नवरा सोबत होता. पुढचं मी सांगत नाही.

साठच्या सुमाराला कारखान्याने जपानहून छपाईचं यंत्र मागवलं आणि ते उभं करायला एक जपानी इंजिनिअर आला. हे यंत्र आपल्या पोटावर पाय देणार हे न कळण्याइतकं ठसेखातं दुधखुळं नव्हतं. अकराही जणांनी त्याच्याशी अबोला धरला. तो वाटेत दिसला की हे भिंतीकडे तोंड करून उभे राहत. पण एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मेस्त्री एकटे कोयरी कोरत बसले होते, आणि जपानी साहेब मागे येऊन उभा राहिला. मग खाली बसला. मग डबा न उघडता सुट्टीभर बसूनच राहिला. भोंगा झाला तेव्हा उठला आणि कमरेत वाकून त्याने मेस्त्रींना नमस्कार केला. मेस्त्रींना नमस्काराची सवय नव्हती. त्यांनी गडबडून त्याला आपली कोरायची पटाशी दिली.

दुसऱ्या दिवसापासून दोघे सुट्टीत शेजारी बसू लागले. एकाला जपानी येई, दुसऱ्याला मालवणी. तरी त्यांचं भांडण झालं नाही, कदाचित त्यामुळेच.

जाताना साहेबाने मेस्त्रींना एक पुडकं दिलं. आत सहा चित्रं. लाकडाच्या ठशांनी कागदावर छापलेली, जुनी, आणि प्रत्येकावर एकेक सामुराई, म्हणजे त्यांच्याकडचा लढवय्या. एकाने भाला रोखला आहे, एकाच्या अंगावर कोणी शेगडी भिरकावली आहे आणि निखारे उडताहेत, एक जण तलवारीचं पातं दातांत धरून गाठ मारतो आहे. साहेबाने दुभाष्याकडून गोष्ट सांगितली. ह्यांच्या धन्याला अन्यायाने मरण आलं, जहागीर गेली, चाकरी गेली. कोणी भाजी विकली, कोणी दारुड्याचं सोंग घेतलं. पण आतून सगळे एक होते. एका पहाटे बर्फात सगळे जमले, धन्याचा सूड घेतला, आणि मग सगळ्यांनी मिळून मरणही पत्करलं. "आणि हे ठसे कोरणाऱ्यांत माझा आजा होता," साहेब म्हणाला. "आमच्या घरी सात चित्रं होती. सातवा, सगळ्यांत म्हातारा, लढाईत घर जळलं त्यात गेला."

मेस्त्रींनी छातीवर हात ठेवला. "सांगा त्येंका, सातवो मी करून देतलंय. माझो शब्द."

दुभाष्याने काय सांगितलं कोण जाणे, पण साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं असं मेस्त्री सांगत. त्यानंतर वर्षभरात यंत्र धडाडून चालू लागलं आणि ठसेखातं बंद झालं. अकरा जणांना घरी पाठवलं. डागडुजीला एक सुतार हवा म्हणून मेस्त्रींना तेवढं ठेवलं. तीस वर्षं कोयऱ्या कोरलेला हात स्टुलांचे पाय ठोकू लागला. ह्याबद्दल मेस्त्री कधीच काही बोलत नसत. ते फक्त सातव्याबद्दल बोलत.

त्या सहा चित्रांना मेस्त्री 'पाईक' म्हणत. आमच्याकडे धन्यासाठी जीव देणाऱ्याला तोच शब्द. पाईक पुढच्या खोलीत ओळीने टांगलेले होते. दसऱ्याला मेस्त्री आपल्या पटाश्यांची पूजा करत आणि प्रत्येक पाइकाच्या चौकटीत आपट्याचं पान खोचत. त्यांनी मला पहिल्यांदा पाईक दाखवले तेव्हा हातात भिंग दिलं आणि म्हणाले, "बघा कानशील." मी बघितलं. बघतो तर केस न केस सुटा. कपाळाकडे येता येता बारीक होत गेलेला, आणि शेवटी कातडीत विरलेला.

"केस कोरूचे नसतत, मास्तर. केसाच्या मदला लाकूड काढूचा. केस आपलो आपण मागे ऱ्हवता."

त्या दिवशी मला कळलं की ह्या माणसाला माझे केस सोपे का वाटले. माझे मुळात होतेच चार.

सातव्याच्या तयारीसाठी मेस्त्रींनी सगळं मुलुंड अभ्यासाला घेतलं. रेशनच्या रांगेत ते पुढच्या बाईच्या कानामागे असे टक लावून बघत की दोन बायका काकींकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, तक्रार घेऊन आल्या. काकी भाकरी थापत होत्या. त्या थापताथापताच म्हणाल्या, "तेंका बाईमाणूस दिसणाच नाय गो. नुसते केस दिसतत. माझ्या लग्नाक पस्तीस वर्सां झाली, माझ्या डोळ्यांचो रंग इचारा तेंका!"

त्यांच्या शालनला बघायला चेंबूरहून स्थळ आलं होतं. मुलगा रिफायनरीत कायम, दिसायला झकास. सगळे पगार विचारत होते. मेस्त्री म्हणाले, "जरा भिंतीकडे तोंड करा बघू." मुलगा बिचारा वळला. मेस्त्रींनी उजवी बाजू बघितली, डावी बघितली, आणि भर बैठकीत जाहीर केलं, "हयसर देवाचो हात थरथरलोहा." स्थळ गेलं. पुढे एका बस कंडक्टरला त्यांनी दारातूनच पसंत केलं. शालन सुखात आहे, दोन मुलं आहेत. तेव्हा पद्धत अगदीच चुकीची म्हणता येत नाही.

चीनशी लढाई जुंपली त्या वर्षी कोणीतरी चौकीत कळवलं की अमुक चाळीत एक म्हातारा चिनी सैनिकांचे फोटो लावून त्यांना पानं वाहतो. हवालदार आला. मी मध्यस्थीला गेलो, कारण शिकलेला माणूस मीच.

"हे चिनी लोक कोण?" हवालदार म्हणाला.

"चिनी न्हय, जपानी. आणि टोपी काढा," मेस्त्री म्हणाले.

"टोपी? कशाला?"

"कानशील दिसणा नाय."

हवालदाराने टोपी काढली! का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. तासाभराने तो चहा पिऊन, भिंग लावून सहाही पाइकांची कानशिलं बघून गेला, आणि पुढच्या दसऱ्याला आपल्या मेव्हण्याला घेऊन आला.

पण सातवा कोरायचा तर आधी तो कागदावर हवा, आणि चित्र काढणं मेस्त्रींच्या हातात नव्हतं. ते माझ्या हातात होतं. हा माझा विजयाचा दिवस असायला हवा होता. साहेबाने सांगितलं होतं तेवढंच आम्हाला ठाऊक: म्हातारा, पांढरे केस, हातात भाला, मागे वळून बघतोय. मी पहिलं चित्र काढलं. मेस्त्री म्हणाले, "हो रिटायर झालेलो दिसता." दुसरं काढलं. "हेका भालो जड झालोहा." तिसऱ्या वेळी म्हणाले, "हो लढूक जायना नाय. हो रजेचो अर्ज घेऊन चललोहा." अशी दोन वर्षं गेली. शेवटी एका रविवारी मी चिडून ओसरीत बसलो आणि समोर ठोकाठोक करत बसलेले मेस्त्रीच काढले. तीच वाकडी मान, तेच ताठ खांदे. पटाशीच्या जागी भाला दिला आणि कागद त्यांच्यापुढे टाकला.

मेस्त्री पुष्कळ वेळ बघत राहिले. "हां," ते म्हणाले. "हो पाईक आसा. कोणाचा तोंड घेतलात?"

जन्मात आरशात तोंड न बघितलेल्या माणसाला काय सांगायचं? मी म्हटलं, "असाच सुचला."

गावाहून शिवणीच्या लाकडाच्या फळ्या आल्या आणि मेस्त्री कोरायला बसले. पुढली कित्येक वर्षं भिंतीपलीकडून टकटक ऐकू यायची. विचारलं तर म्हणत, "होता हा," म्हणजे होतंय. काही विचारायची सोय नव्हती. मदत करू का म्हणण्याची तर नव्हतीच. आपल्या पटाशीला त्यांनी काकींनासुद्धा हात लावू दिला नव्हता. "माका कोणाची गरज नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, मग विषय ठशाचा असो की बाजारातून नारळ उचलून आणण्याचा.

आणि बहात्तरच्या सुमाराला कारखान्यात पत्र आलं. जपानी साहेब निवृत्त होतोय, त्याआधी यंत्र बघायला एकदा येतोय, आणि मेस्त्रींना भेटायची इच्छा आहे. हातात तीन महिने होते. मेस्त्री तोवर निवृत्त झाले होते, म्हणून कारखान्याच्या शिपायाने निरोप चाळीत माझ्याकडे दिला, आणि मी धावत बातमी घेऊन गेलो. म्हटलं, आता सातवा दाखवा.

मेस्त्री पाटावर बसले होते. वर न बघता म्हणाले, "मास्तर, माका जमणा नाय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"डोळे गेले. केस दिसणत नाय. आमच्या खात्यातल्यांका बोलवा. ते येतीत तर होयत. तुमी जावा, माका जावक जमाचा नाय."

मला रडू यायचं बाकी राहिलं. बारा वर्षांचा शब्द, आणि ऐन वेळी डोळ्यांत मोतीबिंदू! मी त्याच आठवड्यात खात्यातल्या माणसांचे पत्ते गोळा केले आणि शोधायला निघालो. दोघे वारले होते. एक चेंबूर नाक्यावर भाजी विकत होता, एक घाटकोपरला पोळपाट-लाटणी करत होता, एक दिंडोशीला कोणाच्या वाडीत राखणदार होता. सगळ्यांनी चहा पाजला आणि सगळ्यांनी एकच विचारलं: परशा येतोय का?

परशा म्हणजे परशुराम, खात्यातला सगळ्यांत धाकटा आणि मेस्त्रींचा लाडका. तो गोरेगावला सिनेमाच्या स्टुडिओत खोटे खांब आणि खोट्या तलवारी करत होता. मेस्त्रींचं नाव काढताच त्याने पाठ फिरवली.

"त्येका ठेवल्यानी, आमका काढल्यानी. त्या दिवसा मेस्त्री आमच्यासाठी एक शब्द बोललो नाय. आमी फाटकाभायर उभे, आणि तो आत. दहा वर्सांत माझ्या दाराक इलो नाय. आता जपान्यासाठी आमची आठवण झाली?"

मला तर हे सगळं त्याच दिवशी कळत होतं. मी उठलो आणि जाता जाता, उगीच, खरं ते सांगितलं. "ते म्हणाले, मला जमत नाही."

परशाची पटाशी थांबली. "कोण म्हणालो?"

"मेस्त्री."

"'माका जमणा नाय' असां? त्येच्या तोंडान?"

"त्यांच्या तोंडाने."

परशाने पटाशी खाली ठेवली. मग म्हणाला, "रविवारी येतंय."

नऊ जण आले. पहिल्या रविवारी आमच्या ओसरीत इतकी शांतता होती की काकींच्या फोडणीचा आवाज मोठा वाटत होता. मेस्त्रींनी वर बघितलं नाही, नऊ जणांनी मेस्त्रींकडे बघितलं नाही. सगळ्यांनी भिंतीवरच्या पाइकांकडे बघितलं. मग मेस्त्रींनी नव्या कोऱ्या फळ्या वाटल्या; जुन्या बिघडल्या, एवढंच ते मला म्हणाले होते. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागतो, आणि सगळ्यांच्या कोपऱ्यात एकच खूण असते. ती खूण जुळली तरच रंग जागच्या जागी बसतो. "खूण चुकली तर नाक कानात जायत," मेस्त्री म्हणाले, आणि भाजीवाला फसकन हसला. बहुतेक हे वाक्य तीस वर्षं जुनं असावं. त्यानंतर सगळे एकदम बोलायला लागले.

मुख्य ठसा, रेषांचा आणि केसांचा, मेस्त्रींनी परशाला दिला. स्वतः शेजारी बसून राहिले. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी, कानशिलावरचे शेवटचे केस चालले असताना, टक् झालं आणि परशाचा हात थांबला. एक केस तुटला होता. ह्याहून लहान चुकीसाठी मेस्त्रींनी एकेकाळी ठसा उकिरड्यावर फेकला होता, हे नऊही जणांना आठवत होतं.

मेस्त्रींनी ठशावरून अंगठा फिरवला. "ऱ्हवांदे," ते म्हणाले. "म्हातारो माणूस. एक केस गळलो."

परशाने मान खाली घातली आणि पुढचा केस धरला.

छापायच्या दिवशी काकींनी रंगात कालवायला भाताची खळ करून दिली, मी शाळेतून रंग आणले, आणि ठशावर पसरलेल्या ओल्या कागदाच्या पाठीवर कापड गुंडाळलेली काथ्याची चकती घासली. सहावा रंग चढला आणि परशाने कोपरा धरून कागद सोलला. सातवा पाईक मागे वळून आमच्याकडे बघत होता. खरं सांगतो, मी जन्मात अनेक चित्रं काढली, पण माझी छाती फुगली ती तेवढ्या एका वेळेला.

जपानी साहेब आला तेव्हा पार म्हातारा झाला होता. आमच्या ओसरीत चटईवर बसून त्याने भिंग लावलं. कानशिलापाशी तो इतका वेळ थांबला की परशाला घाम फुटला. मग साहेब उठला आणि मेस्त्रींपुढे कमरेत वाकला. मेस्त्री वाकले आणि त्यांनी परशाकडे हात केला. साहेब परशापुढे वाकला, परशा वाकला, मग भाजीवाला, मग राखणदार. मग साहेबाला वाटलं पहिल्या फेरीत कोणी राहिलं, म्हणून त्याने पुन्हा सुरुवात केली. आमची सगळी चाळ दारात उभी राहून बघत होती. अशा मानाने आमच्या ओसरीत पूर्वी कोणाला वागवलं नव्हतं.

ह्यानंतर दुसऱ्या रविवारी सकाळी काकींनी मला पोटमाळ्यावरून मोठं पातेलं काढून द्यायला बोलावलं. पातेल्यामागे जुन्या धोतरात बांधलेलं एक गाठोडं होतं. ते माझ्या हाताला लागून घसरलं, गाठ सुटली आणि शिवणीचे सहा ठसे खाली आले. मी एक उचलला. भाला, मागे वळलेली मान, कानशील. एकही केस तुटलेला नव्हता. ह्यासमोर परशाचं काम म्हणजे शाळकरी पोराचं होतं.

मी मेस्त्रींकडे बघितलं. ते दाराशी उभे होते.

"तीन वर्सां झाली पुरो करून," काकी हळूच म्हणाल्या आणि आत गेल्या.

"मेस्त्री, अहो हा का नाही दिलात?"

"हो दिलो असतो, तर ते इले असते?" मेस्त्री खाली बसले आणि एकेक ठसा धोतरात ठेवू लागले. "त्येंच्या दारात जावक माझे पाय गेले नाय. काय सांगतलंय? 'माका ठेवलो, तुमका काढलो, तेवा गप ऱ्हवलंय. शालन, आमचा चेडू, लग्नाचा होता' असां?" मग त्यांनी भिंतीकडे बघितलं. "हे सगळे एकदम गेले, मास्तर. ह्यांतलो एकटो जरी नोकरी धरून मागे ऱ्हवलो असतो, तर त्येचा चित्र कोणी काढला असता?"

गाठ मी स्वतः बांधली.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "मेस्त्रीनू, आसात काय?" परशा होता. जेवायला यायचं ठरलं होतं, म्हणून तर मोठं पातेलं.

मेस्त्रींनी गाठोडं घाईघाईने खाटेखाली सरकवलं. "मास्तर, बोला नको," ते कुजबुजले. मग त्यांनी डोळे बारीक केले, हात पुढे धरून चाचपडत दाराकडे निघाले, आणि वाटेतल्या स्टुलाला बघून बघून ठेच खाल्ली.

"हळू, मेस्त्रीनू, हळू! माका हाक मारूची ना," म्हणत परशाने धावत येऊन त्यांचा हात धरला. आणि मेस्त्रींनी तो धरू दिला.